गव्हाणीपुढचं मीठ

जर्मनीतल्या लिंडनरोड गावच्या गोठ्यात पन्नास वर्षांत गाय फिरकली नव्हती, पण गोठ्याची बडदास्त अशी की एखाद्या दुभत्या गाईलाही हेवा वाटावा. अडीचशे वर्षांचा जुना गोठा. जिल्ह्यानं तो ताब्यात घेतला, कौलं बदलली, तुळयांना वाळवीचं औषध पाजलं आणि आत एक यंत्र ठेवलं. हवा किती दमट आहे ते यंत्राची सुई रात्रंदिवस कागदावर रेघ ओढून सांगे. रेघ वर गेली की कचेरीत चिंता, खाली गेली की त्याहून जास्त चिंता.

"आपल्याकडे गोठ्यातलं जनावर आजारी पडतं," सुलेखा नवऱ्याला म्हणाली होती, "इथं गोठाच आजारी पडतो. आणि अहो, त्याला बघायला डॉक्टर येतात!"

डॉक्टर म्हणजे डॉक्टर ब्रोकमान. माणसांचे नव्हेत, इमारतींचे. जिल्ह्याच्या वास्तुरक्षण कचेरीचे साहेब. उंच, जरासे वाकलेले, एका खिशात भिंग आणि दुसऱ्यात इवलीशी हातोडी. भिंतीवर टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे, जणू आतून कुणी 'आलो हं' म्हणणार आहे. जिल्ह्यातल्या तीनशे बारा जुन्या इमारती आपल्याच जिवावर उभ्या आहेत असं त्यांना वाटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

गोठ्याच्या माडीवर जिल्ह्याचा वस्तुसंग्रह होता. लोणी काढायच्या रव्या, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, धार काढायला बसायची एकपायी स्टुलं, कुणाच्या तरी पणजीचे लाकडी बूट. अशा चार हजार वस्तू. त्यांच्या प्रमुख टीडेमानबाई. आणि त्या चार हजार वस्तूंची कार्डं टाइप करायला आठवड्यातून पाच सकाळी ब्राउनश्वाइगहून बसनं येणारी सुलेखा सबनीस. कार्डावर रकाने ठरलेले: क्रमांक, वस्तू, कोणाची, कुठून आली, अवस्था. सुलेखा 'अवस्था' या रकान्यात 'तडा गेलेली', 'कान तुटलेला', 'एकंदर बरी' असं लिहीत जायची आणि मनातल्या मनात त्या रवीला, त्या घंटेला नमस्कार करायची.

तिचा आवाज इतका हळू, की ती बसमध्ये तिकीट मागायला लागली की ड्रायव्हर आधी रेडिओ बंद करायचा.

इतरांचा दिवस घड्याळावर चालतो, सुलेखाचा व्रतांवर. सोमवारी एक, गुरुवारी दुसरं, आणि चातुर्मासात गोपद्मं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत रोज तेहतीस. तेहतीस गाईची पावलं रांगोळीनं काढायची, हळदकुंकू मनोमन वाहायचं, आणि ती पुरी होईपर्यंत चहाचा घोट नाही; पहिलं पाऊल टेकलं की शेवटचं होईपर्यंत तोंडातून शब्द नाही. असं पाच वर्षं. गोपद्मांची कहाणी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक आहे, आळस करणाऱ्या बाईच्या पाठीच्या कातड्यावर नगारा मढवायला कुणाचा डोळा असतो ते! सुलेखानं चार वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, देवापुढे, नेमानं काढली होती. हे पाचवं, म्हणजे उद्यापनाचं वर्ष. साल दोन हजार सात.

वाईहून सासूबाईंचा फोन आला तो असा: "अगं सुलेखा, गोपद्मांची खरी जागा गोठा. आम्हाला जन्मभर पाटावर भागवावं लागलं. तुला जर्मनीत गोठा मिळालाय, तोही सरकारी! सोडतेस काय?"

सुलेखानं आषाढीला संकल्प सोडला. कामाच्या दिवशी गोठ्यात, सुट्टीच्या दिवशी देवापुढे. रोज सव्वासातला ती सगळ्यांच्या आधी यायची, गव्हाणीपुढच्या दगडी फरशीवर बसायची, पर्समधून स्टीलची डबी काढायची आणि चिमटीतून पावलं सोडायची. वाईची रांगोळी संपली होती म्हणून डबीत तांदळाचं पीठ. बाराला घरी निघताना हातझाडूनं फरशी अशी लख्ख करायची की कण उरू नये. जपलेल्या वस्तूवर परकं काही ठेवायचं नाही, असा संग्रहाचा नियम होता. तो नियम टाइपही तिनंच केला होता. पण सुलेखाचं म्हणणं साधं होतं: गोठ्याला गोपद्म परकं कसं?

ऑगस्टच्या एका गुरुवारी डॉक्टर ब्रोकमान माडीवर धापा टाकत आले. त्यांच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. सकाळी आठला ते खाली डोकावून गेले होते, आणि तेवढ्यात फोटो छापूनही आणला होता.

"मीठ!" त्यांनी फोटो टेबलावर पसरला. "टीडेमानबाई, मीठ फुललंय!"

सुलेखानं मान उंचावून पाहिलं आणि आपली पावलं मोजली. तेहतीस. एकही कमी नाही. सतरावं किंचित वाकडं, कारण तेव्हा तिला शिंक आली होती.

"दोनशे वर्षं इथं गाई बांधलेल्या," डॉक्टर सांगत होते, "दोनशे वर्षांचं गोमूत्र त्या दगडांत मुरलंय. आल्झो, म्हणजे त्यातलं मीठ आता दगड पोखरत वर येतंय!"

गोमूत्र म्हटल्यावर सुलेखाचे हात आपोआप जोडले गेले. टीडेमानबाईंना वाटलं, हिला दगडांची काळजी वाटली.

दुपारी एकला डॉक्टर टीडेमानबाईंना प्रत्यक्ष दाखवायला घेऊन गेले, तर फरशी आरशासारखी. डॉक्टरांनी भिंग लावलं, पोटावर झोपून पाहिलं. काही नाही. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. पण डॉक्टर उठले तेच उजळलेल्या चेहऱ्यानं.

"सकाळी येतं, दुपारी जातं," ते कुजबुजले. "बाई, हे मीठ श्वास घेतंय."

झालं. त्या दिवसापासून कचेरीत दुसरा विषय नाही. कधी येतं, कधी जातं याचा तक्ता करायचा ठरला. रोज सकाळी सर्वांत आधी कोण येतं? फ्राउ सबनीस! मग डाग मोजायचं काम फ्राउ सबनीसकडे. रकाने आखलेला कागद तिच्या हातात आला: तारीख, डागांची संख्या, कारण, सही. सुलेखाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि गंमत अशी की बोलावंही लागलं नाही. रोज सकाळी तेहतीस पावलं काढायची, आचमन करायचं आणि कागदावर लिहायचं: ३३. खाली सही. शुक्रवारी ३३. सोमवारी ३३. मंगळवारी ३३.

"गेनाऊ, अगदी तेहतीस!" डॉक्टर आनंदानं टाळ्या पिटत. "निसर्गाला गणित येतं हो!"

शनिवार-रविवारी मीठ येत नव्हतं. डॉक्टर मुद्दाम येऊन पाहून गेले. माडीवर माणसं नसली की हवेतली ओल बदलते, असा त्यांनी निष्कर्ष काढला. चार सप्टेंबरला, भर मंगळवारी, मीठ आलं नाही. डॉक्टरांनी त्या दिवसाचं हवामान तीनदा तपासलं, पण गोकुळाष्टमी कुठल्याच हवामानात सापडेना.

घरी चारुदत्त हसून हसून गडबडा लोळले. ते वोल्फ्सबुर्गजवळ मोटारींच्या दरवाज्यांवर काम करणारे इंजिनीअर; दार नीट लागलं की त्यांचं जग नीट असायचं.

"सही कर, सही कर! आपल्याच गोपद्मांची सरकारी मोजणीदार! अगं, आमच्या कंपनीत असं काम कुणाला मिळत नाही."

"अहो, हसू नका. सांगायला हवं त्यांना."

"मग सांग."

"तुम्ही सांगता?"

"मी? मी दरवाजे बघतो. गोठे तुझ्याकडे."

लेक दिया, वय वर्षं चौदा, कानातलं गाण्याचं यंत्र न काढता म्हणाली, "मामा, पाइनलिश." म्हणजे, आई, लाज आणतेस. जर्मनीत वाढलेल्या पोरांच्या तोंडी हा शब्द आपल्याकडच्या 'राम राम'इतक्या वेळा येतो, म्हणून सुलेखानं तो मनावर घेतला नाही.

मनावर घेतली ती ऑगस्टच्या अखेरीस आलेली डॉक्टरांची चिठ्ठी. सोमवारी, दहा सप्टेंबरला, सकाळी आठ वाजता गवंडी येणार. गव्हाणीपुढच्या अठरा फरश्या पहारीनं उचकटून प्रयोगशाळेत पाठवणार. गव्हाण सुटी करणार. परत कधी बसणार? टीडेमानबाईंनी खांदे उडवले. "अशा फरश्या उचकटल्या की निम्म्या फुटतात, फ्राउ सबनीस. पण मीठ म्हटल्यावर इलाज काय?"

दोनशे वर्षं गाईंच्या खुरांनी गुळगुळीत केलेले दगड, आणि ते फुटणार सुलेखाच्या चार चिमटी पिठापायी!

आधी तिनं कागदावरच कबुली दिली. 'कारण' या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: सुलेखा सबनीस. डॉक्टरांनी कागद पाहिला, मायेनं हसले, खिशातून पट्टी काढली आणि नावापासून 'सही'च्या रकान्यापर्यंत पेन्सिलीनं सुबक बाण ओढला. "रकाना चुकला तुमचा. होतं असं."

मग तिनं पीठ बंद करून पाहिलं. तीन दिवस घरीच, देवापुढे गोपद्मं. कागदावर ०, ०, ०. संकल्प मोडल्याची रुखरुख लागली, पण दगड तरी वाचतील! तिसऱ्या दिवशी डॉक्टर चिंताक्रांत होऊन आले. "वर यायचं थांबलं. म्हणजे आत खोल गेलं! आता उचकटल्याशिवाय गत्यंतर नाही." सुलेखानं कपाळावर हात मारला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेहतीस काढली.

शेवटी शुक्रवारी ती त्यांच्या कचेरीत गेली. बसमध्ये पाठ केलेलं वाक्य ती एका दमात बोलली: "हेर डॉक्टर, ते पांढरं रोज मी करते."

डॉक्टर खुर्चीतून उठले, तिच्यासमोर येऊन बसले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"फ्राउ सबनीस, अठ्ठावीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नाही. सगळे मिठाचा दोष दुसऱ्यावर ढकलतात. तुम्ही स्वतःवर घेता! खरं आहे, आपल्या सगळ्यांच्या श्वासानं, बुटांच्या ओलीनं ते वाढतं. पण मनाला लावून घेऊ नका."

आणि त्यांनी तिला चॉकलेट दिलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. इथं सुलेखा भांडं डोक्यावर घेऊन नाचत होती आणि कुणाला दिसत नव्हतं.

उरला एक रविवार. नऊ सप्टेंबर. त्या दिवशी देशभरच्या जुन्या वास्तू लोकांसाठी उघड्या ठेवतात. लिंडनरोडच्या गोठ्यापुढेही अंगणात बाकं, केक, कॉफी, माडीवर रव्यांचं प्रदर्शन, आणि धार काढून दाखवायला शेजारच्या वाडीतले क्लागेस आजोबा आपली गाय घेऊन येणार होते. मुख्य म्हणजे लांडराट, जिल्ह्याचे प्रमुख, स्वतः येणार होते.

सकाळी सबनीसांच्या घरी गजर वाजलाच नाही. लावायचा चारुदत्तांनी होता. ते म्हणाले, त्यांना वाटलं, देवाची माणसं आपोआप उठतात. जाग आली ती टीडेमानबाईंच्या फोननं: परातीएवढे केक आलेत आणि किल्ली सुलेखाकडे! आंघोळ झाली, दिवा लागला, पण तेहतीस पावलांना वेळ कुठला? "तिथं माडीवर एखाद्या कोपऱ्यात काढीन," म्हणत तिनं डबी पर्समध्ये टाकली आणि ओल्या केसांनीच गाडीत बसली.

माडीवर कोपरा उरला नव्हता. जिथं रवी नव्हती तिथं आजीबाई होती, जिथं आजीबाई नव्हती तिथं केक. गोठ्याच्या दाराला लाल-पांढरी पट्टी बांधलेली. अकरा वाजले. सुलेखाच्या पोटात ना चहा, ना पाणी. आलुबुखाराच्या केकचा वास असा दरवळत होता की संन्याशानं भगवी उतरवून बशी घ्यावी.

"निदान कॉफी?" टीडेमानबाई म्हणाल्या. "पांढऱ्याफटक पडलात. मिठासारख्या!"

"नको, नंतर," सुलेखा म्हणाली, आणि खांबाला टेकली.

साडेअकराला डॉक्टर ब्रोकमान गोठ्याच्या दारात उभे राहिले. नवा टाय, हातात तक्ता. पट्टीबाहेर दोनेकशे माणसं. पुढे लांडराट, गोल चेहऱ्याचे, थट्टेखोर. बाजूला क्लागेस आजोबा, आणि त्यांच्या हातातल्या दोरीला हेडविग: काळीपांढरी, विशाल, डोळे असे की सुलेखानं सकाळीच तिच्या पाठीवर हात फिरवून घेतला होता.

डॉक्टर बोलले छान. दगड बोलतात, भिंती बोलतात, ऐकणारा हवा. रोज सकाळी तेहतीस फुलं उमलतात, दुपारी मिटतात. लोकांनी माना उंचावल्या.

"कुठं आहेत?" लांडराटांनी विचारलं.

डॉक्टरांनी तक्त्याकडे पाहिलं. "आज... आज रविवार. शनिवारी-रविवारी मीठ येत नाही."

लांडराटांनी बोटांवर हिशोब केला. "म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, सकाळी येतं आणि दुपारी जातं? ब्रोकमान, हे मीठ नव्हे, हा आपला सरकारी नोकर आहे!"

अंगण खदखदून हसलं. कुणीतरी म्हणालं, "त्याला पेन्शन द्या!" पुन्हा हशा. डॉक्टर पण हसले, पण त्यांचे कान लालबुंद झाले आणि त्यांनी तक्ता पाठीमागे धरला. अठ्ठावीस वर्षं भिंतींना कान लावणारा माणूस. आज त्याचं कुणी ऐकत नव्हतं. आणि उद्या सकाळी आठला पहारी.

सुलेखाच्या आत काहीतरी हललं. भूक म्हणा, दया म्हणा, देव म्हणा.

"हेर डॉक्टर," ती म्हणाली.

कुणालाच ऐकू गेलं नाही.

"हेर डॉक्टर, ऐका ना."

ऐकलं एकट्या हेडविगनं. तिनं कान टवकारले.

मग सुलेखानं बोलायचा नाद सोडला. पदर नव्हता म्हणून ओढणी खोचली, लाल-पांढऱ्या पट्टीखालून वाकून आत गेली, गव्हाणीपुढे मांडी घालून बसली, डबी उघडली आणि पहिलं पाऊल सोडलं. पहिलं पाऊल टेकलं की मौन. आता तेहतिसावं होईपर्यंत ब्रह्मदेव आला तरी तोंड उघडायचं नाही.

ब्रह्मदेव नाही, पण डॉक्टर ब्रोकमान आले. "फ्राउ सबनीस! दगडाला हात लावू नका! काय करताय?"

तीन. चार.

"फ्राउ सबनीस, उठा! उत्तर द्या!"

पाच. सुलेखानं डावा हात वर करून 'थांबा' अशी खूण केली. लांडराटांनी भुवया उंचावल्या. टीडेमानबाईंच्या हातातून केकची सुरी पडली. तेवढ्यात गर्दीतून चारुदत्त घुसले. दरवाज्यांचा माणूस शेवटी दारात आला.

"एक मिनिट, प्लीज! ती बोलणार नाही. तेहतीस झाल्याशिवाय बोलणार नाही."

"तेहतीस काय?"

"गाईची पावलं. व्रत आहे... म्हणजे, देवाला दिलेला शब्द. पाच वर्षांचा."

क्लागेस आजोबांनी पाइप तोंडातून काढला. "गाईची पावलं? मग मोजायला हवीत." जन्मभर संध्याकाळी गाई मोजून गोठ्यात घेतलेला माणूस तो. त्यांनी खर्जात सुरुवात केली: "आठ. नऊ."

"दहा," लांडराट म्हणाले.

आता जिल्ह्याचा प्रमुखच मोजायला लागल्यावर अडवणार कोण? अकरा म्हणायला वीसजण होते, पंधरा म्हणायला शंभर. सतराव्याला सुलेखाला शिंक आली, तिनं ती गिळली, आणि सतरावं पाऊल सरळ पडलं. वीस, एकवीस! लहान पोरं उड्या मारत होती, आजीबाई काठ्या आपटत होत्या, मागून कुणी ओरडलं, "हळू, चोविसावं मला दिसलं नाही!" तिची बोटं वाऱ्यासारखी चालली होती. बोटांतून पीठ पडत होतं की टाळ्या, तिचं तिला कळेना. बत्तीस! ते... ह... तीस!

असा गजर झाला की तुळयांवरची कबुतरं उडाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्लागेस आजोबांनी पण दोन्ही हातांनी वाजवल्या, आणि दोन्ही हातांनी वाजवल्या म्हणजे दोरी सुटली.

हेडविग निघाली. लाल-पांढरी पट्टी तिच्या शिंगांत अडकून तुटली आणि वरातीच्या घोड्याच्या मुंडावळ्यांसारखी दोन्ही बाजूंनी लोंबायला लागली. पन्नास वर्षांनी त्या गोठ्यात गाय शिरली, आणि शिरली तीही अशी, जणू कालच सकाळी चरायला गेली होती. गव्हाणीपुढे आली, मान खाली घातली, लांबलचक जीभ काढली आणि पहिलं गोपद्म चाटून टाकलं. मग दुसरं. मग तिसरं.

"बघा!" डॉक्टर ब्रोकमान किंचाळले. त्यांच्या चेहऱ्यावर सूर्य उगवला होता. "बघा, गाय चाटतेय! गाय काय चाटते? मीठ!"

आणि सुलेखा बोलली. जन्मात बोलली नव्हती इतक्या मोठ्यानं बोलली.

"पीठ आहे ते! तांदळाचं! रोज सकाळी मी काढते आणि बाराला मीच पुसते!"

हेडविगच्या जिभेचा तेवढा आवाज, सपसप.

डॉक्टर गुडघ्यावर बसले. हेडविगच्या अलीकडच्या एका पावलाला बोट लावलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

"शनिवार-रविवार?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"सुट्टी. तेव्हा घरी काढते."

"चार सप्टेंबर?"

"गोकुळाष्टमी. रजा टाकली होती."

"ते तीन दिवस, जेव्हा खोल गेलं?"

"खोल नव्हतं गेलं. मी भ्याले होते."

डॉक्टरांच्या घशातून आधी एक बारीक चीं आली, वंगण न घातलेल्या दारासारखी. मग खांदे हलायला लागले. मग ते सरळ फरशीवर बसले आणि असे हसले, असे हसले, की हेडविगनं चाटायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. लांडराट हसायला लागले, टीडेमानबाई हसता हसता एकदम ओरडल्या, "पीठ! संग्रहात पीठ! अळ्या होतील!" आणि ब्रश घेऊन धावल्या. पण पोचेपर्यंत हेडविगनं एकतिसावं संपवलं होतं. टीडेमानबाईंनी वाकून फरशी पाहिली. "आमच्या ब्रशनं एवढी स्वच्छ कधी झाली नाही," त्या म्हणाल्या, आणि ब्रश खाली ठेवला.

डॉक्टरांनी डोळे पुसत खिशातून फोन काढला. "गवंडी? ब्रोकमान. उद्या येऊ नका. नाही, मीठ नाही... गाय आहे."

सुलेखा बाहेर अंगणात आली. तिला बाकावर बसवून टीडेमानबाईंनी एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात बशी दिली, आणि वर दम दिला, "नियम मोडलात, त्याबद्दल मी उद्या रागावणार आहे. आज खा." लांडराट येऊन म्हणाले, की आमच्या जिल्ह्यात एवढ्या वेळेवर येणारं दुसरं कुणी नाही, या बाईंना जपा.

दुपारी वाईला फोन लागला. "काय सांगतेस? गाईनं स्वतःच्या जिभेनं घेतली? अगं, परवा पोळा, आणि गोमाता आधीच जेवून गेली!" सासूबाई ओरडल्या. चारुदत्तांनी फोन घेतला तर पलीकडून नुसते हुंदके आणि हसू, दोन्ही एकदम.

सोमवारी सव्वासातला सुलेखा गोठ्याच्या दारात पोचली तर डॉक्टर ब्रोकमान आधीच उभे. हातात काचेची बरणी. आतमध्ये शुभ्र पूड.

"संगमरवराची. आम्ही भिंती दुरुस्त करायला वापरतो. हिला कीड लागत नाही, म्हणून टीडेमानबाई काही बोलणार नाहीत." मग जरा घुटमळून म्हणाले, "चालेल का?"

सुलेखानं चिमूट घेतली, बोटांत चोळली. वाईची रांगोळी! हुबेहूब तीच. तिला आभार मानायचे होते, पण बोलता येईना, कारण ती बसली होती आणि पहिलं पाऊल पडलं होतं.

डॉक्टर भिंग न लावता, उकिडवे बसून मोजत राहिले. तेहतीस झाल्यावर ते म्हणाले, "चौतीस."

"तेहतीसच," सुलेखा म्हणाली.

डॉक्टरांनी गव्हाणीच्या कडेला बोट दाखवलं. काल हेडविगचा ओला खूर पिठात पडला होता आणि दगडावर त्याचा ठसा वाळून बसला होता. दोन अर्धचंद्र, मधे फट. सुलेखाच्या पावलांपेक्षा चौपट मोठा. टीडेमानबाईंना तो पुसायचा होता, पण डॉक्टरांनी पुसू दिला नव्हता. "तो मूळचा आहे," ते म्हणाले होते.

माडीवर जाऊन त्यांनी महिनाभराच्या मोजणीचे कागद मागवले. 'कारण' या रकान्यातून 'सही'कडे ओढलेला तो बाण त्यांना सापडला. त्यांनी खोडरबर काढलं, जीभ दातांत धरून बाण पुसला, कागदावरचा कचरा फुंकला, आणि कागद सुलेखापुढे सरकवला.

"माफ करा, फ्राउ सबनीस. रकाना बरोबर होता."